नाशिकमध्ये डान्स क्लास लावताय? आधी जमीन बघा

काउंटरवर बसलं की दिवसातून चार-पाच वेळा तरी एकच प्रश्न येतो. "ताई, वजन उतरवायला काय चांगलं, झुंबा की बॉलिवूड?" विचारणारी बहुतेक वेळा दारातच उभी असते, चपला पायातच, आत यावं की जिन्यानेच परत फिरावं अशा बेतात. मी गेली सात वर्षं नाशिकच्या एका डान्स स्टुडिओत नाचायला जाते आणि त्यातली शेवटची तीन वर्षं संध्याकाळच्या बॅचेसचं काउंटरही सांभाळते. लोक काय विचारत येतात हे मला पाठ आहे, आणि का सोडून जातात तेही. झुंबाऐवजी बॉलिवूड लावलं म्हणून कुणी क्लास सोडल्याचं मला आठवत नाही. सोडतात ते वेळ जमेना म्हणून, गुडघा धरला म्हणून, नाहीतर पहिल्याच आठवड्यात आरशात स्वतःला बघून खजील झाले म्हणून. त्यामुळे नाचाचे प्रकार या लेखात जरा उशिरा येतील.

पायरी १: घड्याळ

क्लास एक तासाचा असतो हे खरं, पण मोजायचा तो घरातून निघाल्यापासून परत घरात शिरेपर्यंतचा वेळ. इंदिरानगरहून गंगापूर रोडला संध्याकाळी साडेसहाची बॅच गाठायची, तर मुंबई नाक्याचा सिग्नल आहे, कॉलेज रोडची गर्दी आहे आणि शेवटी गाडी लावायला जागा शोधणं आहे. तासाचा क्लास दोन-सव्वादोन तास खातो. पहिला आठवडा उत्साहात जातो, तिसऱ्या आठवड्यात घरी कुणीतरी "आज पण जाणार का?" विचारतं आणि चौथ्यात तुम्हीच स्वतःला विचारता. म्हणून घराजवळचा नाहीतर ऑफिसहून परतीच्या वाटेवरचा क्लास निवडा, मग तो दिसायला जरा साधा असला तरी चालेल.

अंबड किंवा सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये असाल तर नाव घालण्याआधीच विचारून ठेवा की एक आठवडा सकाळच्या आणि एक आठवडा संध्याकाळच्या बॅचला आलं तर चालेल का. बरेच स्टुडिओ हो म्हणतात, फक्त विचारावं लागतं. सिटीलिंकने ये-जा करणार असाल तर परतीची बस किती वाजता आहे ते आधी बघा. रात्री साडेआठला घामेजलेल्या कपड्यात स्टॉपवर उभं राहून बघू नका.

सकाळी सहाच्या बॅचबद्दल एक गोष्ट. ती बॅच एप्रिलमध्ये भरलेली असते, कारण उन्हाळ्यात पहाटच बरी वाटते. डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात यायला लागला की निम्मी बॅच पांघरुणात असते. तुम्ही थंडीत उठणाऱ्यांतले नसाल तर हे एप्रिलमध्येच मान्य करून टाका.

आणि किती दिवस जायचं? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. तीन दिवस तासभर नाचलात तर पहिला भाग होतो. पाच दिवसांच्या बॅचला एकदम नाव घालणारे उत्साही लोक मला थोडे घाबरवतातच.

पायरी २: जमीन

नाचायचं ते जमिनीवर, पण चौकशीला आलेला माणूस बघतो आरसा, लाइटिंग, भिंतीवरचे फोटो. मी सांगते, हॉलमध्ये अनवाणी जा आणि टाच दोनदा आपटा. फरशी सिमेंटवर बसवलेली असेल तर "टक्" असा कोरडा आवाज येतो आणि झणका टाचेतून वर नडगीत जातो. लाकडी फ्लोअर असेल आणि त्याखाली पोकळी ठेवलेली असेल तर आवाज "धप्प" असा जाडसर येतो आणि पायाला किंचित उसळी मिळते. हा फरक टाचेला लगेच कळतो, आणि तीन महिन्यांनी नडगीलाही कळतो. उडी मारून खाली येताना शरीराच्या वजनाच्या काही पट भार पायावर पडतो. जमिनीने त्यातला थोडा सोसला तर बरं, नाहीतर सगळा तुमच्या हाडांनी आणि सांध्यांनी सोसायचा.

एक फसवणूक ओळखून ठेवा. लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल फरशीवर चिकटवलेलं असतं. फोटोत ते लाकूडच वाटतं, पण खाली फरशीच असते. त्याने घसरण कमी होते, धक्का कमी होत नाही. दुसरा प्रकार म्हणजे कोड्यासारखे एकमेकांत अडकवलेले फोमचे तुकडे. योगाला, जमिनीवरच्या व्यायामाला ते उत्तम. गिरकी घ्यायला मात्र वाईट, कारण पाय त्यात रुततो आणि गुडघा पुढे फिरतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. पहिल्या वर्षी मी जॉगिंगचे बूट घालून नाचायला गेले होते. धावण्याच्या बुटांचा तळ जमिनीला धरून ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. बॉलिवूडच्या एका गाण्यात उजवीकडे वळायचं होतं. मी वळले, बूट वळला नाही. गुडघ्यात कट्ट झालं आणि सहा आठवडे मी सोफ्यावर बसून बाकीच्यांचे व्हिडिओ बघितले. चूक ना सरांची, ना स्टुडिओची.

जमिनीबरोबर चार गोष्टी नजरेखालून घाला. आपल्याकडे बरेच क्लास दुकानांच्या वरच्या मजल्यावर नाहीतर तळघरात असतात. तळघर असेल तर हवा कुठून येते आणि दुसरा दरवाजा आहे का ते बघा, आणि ऑगस्टमध्ये पाणी शिरतं का ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो खरं सांगेल. वरचा मजला असेल तर जिना पावसात कितपत निसरडा होतो ते बघा. बायकांसाठी कपडे बदलायची वेगळी खोली हवी आणि तिला आतून कडी हवी. ती कडी लागते का, तेही लावून बघा.

पायरी ३: आता प्रकार

झुंबापासून सुरुवात करू, कारण पाट्यांवर तेच नाव सगळ्यात मोठं असतं. गोष्ट कोलंबियातल्या काली शहरातली, १९९० च्या दशकातली. बेटो पेरेझ नावाचा एरोबिक्स शिकवणारा माणूस एक दिवस क्लासच्या कॅसेट घरी विसरला. मग जवळ असलेल्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेट लावून त्याने तास निभावून नेला आणि लोकांना तोच आवडला. आज झुंबा हे नोंदणीकृत नाव आहे आणि ते शिकवायला परवाना लागतो. नाशिकमध्ये पाटीवर झुंबा आणि आत सरळसरळ बॉलिवूड फिटनेस, असंही असतं. त्यात वाईट काही नाही, आमच्याकडे तर शुक्रवारी लावणीवर घाम गाळतात. पण झुंबाच हवा असेल तर शिकवणाऱ्याला परवान्याबद्दल विचारा, त्यात संकोच कसला.

झुंबात स्टेप समजावून सांगत नाहीत. समोरचा करतो, तुम्ही त्याच्या मागे करायचं, चुकलं तरी गाणं थांबत नाही. डोक्याला ताप नको, फक्त हलायचंय, घाम यायला हवा, अशांना हे फार मानवतं. नाच शिकायचाय अशांची मात्र निराशा होते. सहा महिन्यांनी त्यांना दम भरपूर आलेला असतो, पण लग्नात नाचायला उभं केलं तर दोनच स्टेप आठवतात. एरोबिक्स ही झुंबाची थोरली बहीण. अमेरिकन हवाई दलातल्या डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये हा शब्द लोकांपर्यंत नेला. त्यात नाच कमी आणि कवायत जास्त, पण मोजून-मापून व्यायाम हवा असणाऱ्या साठीच्या पुढच्या लोकांना मी आजही तेच सुचवते.

बॉलिवूडच्या बॅचमध्ये एक गाणं साधारण तीन-चार आठवडे चालतं आणि ते पाठ करावं लागतं. इथे स्मरणशक्तीची कसोटी असते आणि मजाही तिथेच आहे. गाण्याच्या प्रत्येक तुकड्याला आठ मात्रांची मोजणी. नाशिककराला ताल शिकवायला नको, ढोल वाजला की आपले पाय आपोआप हलतात, असं आपण अभिमानाने म्हणतो. पण मिरवणुकीत नाशिक ढोलावर नाचताना प्रत्येक जण आपापलं नाचत असतो. इथे वीस जणांचा उजवा पाय पाचव्या काउंटला एकाच जागी पडायला हवा. ढोलावर तीन तास नाचणारे दणकट दादा पहिल्या दिवशी इथे गोंधळलेले मी पाहिलेत.

हिप-हॉप न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून, १९७० च्या दशकातल्या गल्लीतल्या पार्ट्यांमधून आला. पॉपिंग (स्नायूंना झटके देत नाचणं) आणि लॉकिंग (मध्येच गोठल्यासारखं थांबणं) मात्र कॅलिफोर्नियाचे. हिप-हॉपमधला जमिनीवरचा ब्रेकिंग २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळवला गेला, तेव्हापासून मुलग्यांचे वडील या बॅचची चौकशी जरा वेगळ्या आवाजात करतात. सुरुवातीचे दोन-तीन महिने गुडघे किंचित वाकवून तालावर खाली-वर झुलणं, एवढंच असतं. पोरांना वाटतं पहिल्याच दिवशी डोक्यावर गिरकी शिकवतील. जो शिकवणारा पहिल्या महिन्यात मॅटशिवाय मुलांना डोक्यावर उभं करतो, त्याच्याकडून मुलाला काढून घ्या.

साल्सा आणि बचाटा जोडीचे नाच. "जोडीदार आणावाच लागतो का?" नाही, बॅचमध्ये जोड्या बदलत राहतात. साल्सात आठातल्या चौथ्या आणि आठव्या काउंटला थांबायचं, म्हणून मोजणी "एक दोन तीन, पाच सहा सात" अशी चालते. नेणाऱ्याचा, म्हणजे जोडीत पुढाकार घेणाऱ्याचा, डावा पाय एकला पुढे, पाचला उजवा मागे. बचाटा डॉमिनिकन रिपब्लिकचा, संथ, चौथ्या काउंटला कमरेचा हलका झोका. हातरुमाल जवळ ठेवा, आणि कुणाबरोबर नाचायला अवघडल्यासारखं वाटलं तर सरळ "नको" म्हणा. चांगल्या क्लासमध्ये त्याचं कारण विचारत नाहीत. कंटेम्पररी बघायला सुंदर, पण जमिनीवर लोळणं-सरकणं फार, म्हणून अगदी नवख्याने सहा महिने थांबावं.

कथकवर मी जरा रेंगाळणार आहे. माझी मुलगी आठ वर्षं शिकली आणि तिच्या तत्कारावर, म्हणजे पायांच्या ठेक्यावर, मी रात्रीच्या पोळ्या लाटल्या आहेत. आपल्याकडे कथक-भरतनाट्यमच्या बहुतेक क्लासमधून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण, अशा सात परीक्षा, त्यापुढे अलंकार. ज्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते उतारवयात आपल्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढून राहिले होते. तेव्हा परीक्षेला बसणारी नाशिकची पोर तशी घरच्याच दारात उभी असते.

तत्काराचं बघा. "ता थेई थेई तत" ला पाय पडतात उजवा, डावा, उजवा, डावा. मग "आ थेई थेई तत" ला सुरुवात डाव्याने, म्हणजे डावा, उजवा, डावा, उजवा. दोन्ही मिळून आठ, आणि दोनदा केलं की तीनतालाच्या १६ मात्रा भरतात. लिहायला एवढंच आहे. करून बघा. "तत" आणि "आ" असे दोन ठोके लागोपाठ डाव्याच पायाचे आहेत आणि नवखा माणूस हमखास तिथेच अडखळतो. हाच तत्कार पंधरा मिनिटं न थांबता केला तर पोटऱ्यांना जे होतं, ते जिममध्ये पैसे देऊन होत नाही. घुंगरू लगेच घेऊ नका. त्यांचं वजन चांगलंच असतं, आणि पाय साफ पडायला लागण्याआधी बांधले तर चुकाच छमछम वाजतात. शिकवणाऱ्या ताई सांगतील तेव्हाच घ्यायचे.

भरतनाट्यममध्ये अर्धं बसून, गुडघे बाहेर वळवून अडवू, म्हणजे मूळ स्टेप, करायचे असतात. त्या अर्ध्या बैठकीला अरैमंडी म्हणतात. गुडघा बाहेर वळतो तो खुब्यापासून, पावलापासून नव्हे. शिकवणारी हे पहिल्या आठवड्यात सांगते का बघा. दोन्ही शास्त्रीय प्रकारांत तुमची उमेद वर्षांत मोजायची. तीन महिन्यांत काय येईल, असं विचारणाऱ्यांना ताई हसतात आणि चहा देतात.

लावणी बहुतेक ठिकाणी कार्यशाळेच्या रूपात, महिला दिनाच्या किंवा गणपतीच्या आधी होते. गरब्याची बॅच नवरात्राच्या महिनाभर आधी उघडते आणि दोन दिवसांत भरते. तिच्यात स्टेपपेक्षा दम महत्त्वाचा, कारण मैदानावर सलग दोन तास गोल फिरायचं असतं, तेही खडबडीत जमिनीवर. योगा, पिलाटेज, डंबेल्सचे क्लास स्टुडिओच्या वेळापत्रकात कोपऱ्यात असतात. तीन दिवस नाचणाऱ्याने त्यातला एखादा आठवड्यातून दोनदा जरूर करावा. मांड्या आणि पोट मजबूत असेल तर गुडघा वाचतो, हे मला फिजिओथेरपिस्टने सांगितलं तेव्हा सहा आठवडे होऊन गेले होते.

पायरी ४: ट्रायल

एक ट्रायल क्लास बहुतेक जण फुकट देतात. त्या दिवशी स्वतः कसे नाचता हे सोडा आणि शिकवणाऱ्याकडे लक्ष द्या. वॉर्म-अप किती वेळ घेतला? पाच ते दहा मिनिटं तरी हवा, थंडीत जास्तच. सुरू करण्याआधी "कुणाला गुडघा, पाठ, बीपी?" असं विचारलं का? उडी जमत नसेल त्याला उडीऐवजी काय करायचं ते दाखवलं का? आणि तासाभरात तो शेवटच्या रांगेत एकदा तरी आला का? पहिल्या रांगेतल्या चार हुशार मुलींकडे बघून तासभर स्वतःच नाचणारे सर खूप आहेत. बघायला छान वाटतं. शिकायला तुम्ही मागच्या रांगेत असता.

लहान मुलांसाठी बघत असाल तर पालकांना आत बसू देतात का, की काचेतून तरी दिसतं, ते विचारा. हात-पाय दुरुस्त करताना शिकवणारा "धरू का?" असं विचारतो का तेही बघा.

आणि रील. हल्ली तास संपायला दहा मिनिटं राहिली की मोबाइल स्टँडवर चढतो. तुमचा किंवा मुलाचा चेहरा स्टुडिओच्या पेजवर जायला नको असेल तर पहिल्याच दिवशी सांगा आणि शूटिंगच्या वेळी बाजूला उभे राहा. आमच्याकडे अशा चार जणी आहेत, त्या त्या दहा मिनिटांत कूल-डाउन करतात आणि त्यांची पाठ कधी धरत नाही.

पायरी ५: पैसे

मी एकदा एका ठिकाणी "वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फ्री" या पाटीला भुलले. चौथ्या महिन्यात शटर खाली, फोन बंद. पैसे गेलेच, वर घरी ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं. तेव्हापासून माझा हिशोब सोपा आहे. पहिला महिना महिन्याचीच फी, जमलं तर मग तिमाही. वर्षाची फी फक्त अशा ठिकाणी, जिथे तुम्ही एक वर्ष आधीच काढलंय.

भरण्याआधी विचारा की फीमध्ये काय येतं. नोंदणी फी वेगळी आहे का, परीक्षेची फी, गॅदरिंगचा ड्रेस, मेकअप, टी-शर्ट हे सगळं नंतर एकेक करून निघतं. सर आले नाहीत तर तास भरून देतात का? तुम्ही आजारी पडलात किंवा मुलांच्या परीक्षा आल्या तर फी पुढे ढकलता येते का? उत्तर तोंडी मिळालं तर हसून म्हणा, "पावतीवर लिहून देता का?" मी काउंटरवर बसून सांगते, असं विचारणाऱ्याचा आम्हाला राग येत नाही.

पायरी ६: कपडे, बूट, पोट

कपडे घाम टिपणारे आणि पायात न अडकणारे. ओढणी कमरेला बांधायची नाहीतर घरी ठेवायची. बायकांनी चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्यावी, महागड्या लेगिंगपेक्षा पैसे तिथे घालावेत. बूट घ्यायचे तर तळाला फार खोल खाचा नसलेले, चवड्यावर गिरकी घेता येईल असे, आणि ते फक्त हॉलमध्ये वापरायचे. रस्त्यावरची खडी त्यात अडकली की फ्लोअर खराब होतो आणि मग मला झाडू घ्यावा लागतो. शास्त्रीय नाच अनवाणीच.

जड जेवण झालं असेल तर दोन तास जाऊ द्या. रविवारी सकाळी मिसळ खाऊन दहाच्या बॅचला येणारे दर महिन्याला एक-दोन असतात आणि दुसऱ्या गाण्याला ते खिडकीपाशी उभे असतात. मिसळ क्लासनंतर खा. पण मग वजन का उतरत नाही, असं मला विचारू नका. तासभर नाचून जेवढं खर्च होतं, तेवढं तर्री, दोन जादा पाव आणि वरचा पापड सहज परत भरून देतात. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं आणि पिशवीत साखर किंवा ग्लुकोज ठेवावं, कारण व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. हृदयाचा त्रास, वाढलेलं बीपी, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर, मग आम्ही.

पायरी ७: पहिला दिवस

दहा मिनिटं आधी या. दुसऱ्या रांगेत कडेला उभे राहा. अगदी मागे उभं राहिलं की फक्त पाठी दिसतात आणि वळायची स्टेप आली की तुम्हीच पहिल्या रांगेत येता! शिकवणारा तुमच्याकडे पाठ करून आरशात बघत असेल तर त्याचा उजवा तोच तुमचा उजवा. तो तुमच्याकडे तोंड करून उभा राहिला की बहुतेक वेळा आरशासारखं करतो, म्हणजे त्याचा डावा हलला की तुमचा उजवा. हे दोन-चार दिवस डोक्यात बसत नाही. उजव्या मनगटात धागा बांधा, माझ्या बॅचमधले निवृत्त मुख्याध्यापकही बांधायचे.

घरी आदल्या रात्री एवढं करून बघा. एकला उजवा पाय बाजूला, दोनला डावा त्याला जोडा, तीनला पुन्हा उजवा बाजूला, चारला डावा नुसता टेकवा, वजन देऊ नका. पाच ते आठ हेच डावीकडे. "वजन देऊ नका" यातच सगळी मेख आहे. टेकवलेल्या पायावर वजन गेलं की पाचला तो उचलता येत नाही आणि गाणं पुढे निघून जातं. आधी पाय बसू द्या, हात नंतर. पहिल्या दिवशी हात लोंबते ठेवले तरी कुणी काही म्हणत नाही.

दम किती लागावा? शेजारणीशी दोन वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, इतपत बरोबर. बोलताच येत नसेल तर जागेवर चालत राहा, एकदम बसू नका. छातीत दुखलं, चक्कर आली, घशापर्यंत किंवा हातात कळ गेली तर थांबा आणि लगेच सांगा. गाणं पूर्ण करायची वाट बघू नका.

पायरी ८: पुढचे सहा आठवडे

दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या दुखतील, जिना उतरताना जास्त. दोन्ही बाजूंना सारखं, बोथट दुखणं दोन-तीन दिवसांत जातं, त्याला घाबरू नका. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं टोचरं दुखणं, सूज, गुडघ्यातून आवाज येऊन पाय अडकणं, हे वेगळं. तिथे थांबायचं, बर्फ कपड्यात गुंडाळून लावायचा आणि दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर डॉक्टर. नडगीच्या हाडावर दाबल्यावर एका बिंदूत दुखत असेल तर उड्या बंद.

एक गोष्ट काउंटरवर कुणी मोठ्याने विचारत नाही. बाळंतपणानंतर किंवा चाळिशीनंतर उडी मारताना थोडी लघवी होते म्हणून कितीजणी गुपचूप क्लास सोडतात. मला हे तिघी-चौघींनी जिन्यात, कानात सांगितलंय. यात लाजण्यासारखं काही नाही आणि यावर उपाय आहेत. क्लासआधी बाथरूमला जा, उडीच्या जागी पाय बाजूला टाका, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडून कटीतळाच्या, म्हणजे लघवी रोखून धरणाऱ्या, स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. पाणी पिणं मात्र बंद करू नका, बऱ्याचजणी तेच करतात आणि मग चक्कर येऊन बसतात.

तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. नवलाई संपलेली असते आणि स्टेप अजून जमत नसतात. फी बुडाली तरी चालेल असं वाटायला लागतं ते इथेच. सुट्टी घ्यायची तर एका दिवसाची घ्या, सलग दोन तास चुकवू नका, कारण तोवर गाणं पुढे गेलेलं असतं आणि परत यायची लाज वाटते. चुकलंच तर बॅचच्या ग्रुपवर व्हिडिओ मागा. सहा आठवडे झाले की मग ठरवा, प्रकार बदलायचा का, बॅच बदलायची का, की सर बदलायचे.

गॅदरिंगचं

वर्षातून एकदा गॅदरिंग असतं. तारीख मिळाली तर कालिदास कलामंदिर, नाही तर मिळेल तो हॉल. तुम्ही नवीन असलात तरी नाव द्या, कारण स्टेजच्या दीड महिना आधी जो सराव होतो तेवढा वर्षभरात होत नाही. स्टेज स्टुडिओपेक्षा मोठा असतो आणि समोर आरसा नसतो, हे दोन धक्के रंगीत तालमीतच खाऊन घ्या. भाड्याचा ड्रेस आदल्या दिवशी घालून पूर्ण गाणं नाचून बघा. हुक आणि सेफ्टी पिनवर विश्वास ठेवू नका, पाठीमागे चार टाके घालून शिवून टाका. गेल्या वर्षी आमच्या नऊवारीतल्या एका काकूंचा पदर दुसऱ्या कडव्याला सुटला. त्यांनी तो दातात धरला आणि सगळे काउंट बरोबर मारले, पण नंतर आठ दिवस त्यांचा जबडा दुखत होता. सुई-दोरा माझ्या पर्समध्ये असतो, विंगेत डाव्या हाताला मी असेन.